दहावीनंतर वर्षभर जर्मनीला पाठवू का?

*ताई, माझी मुलगी दहावीत आहे, शाळा सीबीएसईची. सहावीपासून तिला जर्मन आहे आणि ए-२ची, म्हणजे भाषेच्या दुसऱ्या पातळीची, परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तिच्या सरांनी सांगितलं की दहावीनंतर वर्षभर जर्मनीतल्या एखाद्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जाता येतं. मला हे फार आवडलं. भाषा पक्की होईल, पुढे इंजिनिअरिंगही तिकडेच फुकटात होईल, मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहील. यजमान म्हणतात, वर्ष वाया जाणार. जावेचा मुलगा जेईईच्या क्लासला बसलाय आणि ही तिकडे सायकल फिरवणार! सासूबाई म्हणतात, परक्याच्या घरी वयात आलेली मुलगी वर्षभर ठेवायची कशी? आम्ही शाकाहारी, घरात अंडंही येत नाही. त्यात इथला एक एजंट मागे लागलाय, आगाऊ पैसे भरलेत तर बर्लिनची शाळा पक्की करून देतो म्हणतो. काय करू?*
*— एक आई, नाशिक*

नमस्कार,

सुरुवातीलाच जरा टोचेल असं बोलते. तुमच्या पत्रात तुम्ही आहात, यजमान आहेत, सासूबाई आहेत, जावेचा मुलगा आहे, एजंटसुद्धा आहे. मुलगी काय म्हणते, ते मात्र एका ओळीतही नाही. ती तयार असेलच असं तुम्ही धरून चालला आहात, आणि असेलही कदाचित. पण तिला एकटीला बसवून विचारा, आणि विचारताना तुमचा उत्साह जरा बाजूला ठेवा. आईचे डोळे चमकताना दिसले की पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ‘नको’ म्हणत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते. माझ्या वर्गातली मुलं अशी जाऊन आलेली मी पाहिली आहेत. हट्टानं गेलेली आणि घरच्यांनी धाडलेली, या दोघांत जाताना विमानतळावर काही फरक दिसत नाही. तो नोव्हेंबरात दिसतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

माझं उत्तर विचाराल तर, ती स्वतः जायचं म्हणत असेल तर जरूर पाठवा. पण तुम्ही जी कारणं लिहिली आहेत त्यांच्यासाठी पाठवू नका, कारण त्यातलं मोठं कारण खरंच नाही.

ते फुकटातल्या इंजिनिअरिंगचं. हे एक वर्ष तिथल्या शाळेत काढल्यानं जर्मन विद्यापीठातल्या प्रवेशाला काडीचाही फायदा होत नाही. तिथल्या मुलांना बारावी-तेरावीच्या शेवटी आबिटूअर मिळतं, त्यावर त्यांचा प्रवेश होतो. एक्सचेंजवर आलेल्या मुलीला ते मिळत नाही. मिळतो तो शाळेत वर्षभर होती असा दाखला, आणि जमलं तर काही विषयांच्या श्रेणी. नंतर ती इथे बारावी करेल तेव्हा इतर भारतीय मुलांना जे नियम आहेत तेच तिला. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास झाली तर तांत्रिक शाखांना जाता येतं. किंवा भारतात पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण करायचं आणि त्याच विषयाला तिकडे अर्ज करायचा. नाहीतर श्टूडिएनकोलेग म्हणून पूर्वतयारीचं वर्ष असतं, ते करून परीक्षा द्यायची. शिवाय २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली कागदपत्रं एपीएस या कार्यालयाकडून तपासून घ्यावीच लागतात.

आणि ‘फुकट’ म्हणाल तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे बरोबर. पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यानं २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो लावलेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही फी सुरू केली आहे. राहण्याखाण्याचे पैसे व्हिसाच्या आधीच बँकेत अडकवून दाखवावे लागतात. तो आकडा अलीकडे वर्षाला ११,९०४ युरो आहे. हे सगळं पुढचं आहे, आणि पुढे व्हायचं तेव्हा होईल. पण या वर्षाकडे त्या प्रवेशाचा पहिला हप्ता म्हणून पाहिलंत, तर तिनं तिकडे घालवलेला प्रत्येक रिकामा रविवार तुम्हाला नुकसान वाटेल. भाषा मात्र पक्की होणार, त्याबद्दल शंका नको. ए-२ वर गेलेली मुलं परत येतात तेव्हा त्यांना स्वप्नंही जर्मनमध्ये पडत असतात, आणि मग माझ्या वर्गात माझ्या चुका काढतात.

आता यजमानांचं. वर्ष जातं. त्यांना उगाच ‘नाही हो, काही जात नाही’ असं सांगत बसू नका, ते बरोबर बोलताहेत. पण ते नक्की कुठून जातं हे पाहायला हवं. जर्मन शाळेचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि जून-जुलैत संपतं. सोळा राज्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या असल्यानं तारखा मागेपुढे होतात, बव्हेरिया सगळ्यात शेवटी. सीबीएसईची अकरावी मात्र एप्रिलमध्येच सुरू होते. म्हणजे पुढच्या वर्षी जुलैत ती परत येईल तेव्हा अकरावीचे तीन महिने उलटून गेलेले असणार. एक तर शाळेनं उशिरा घेतलं पाहिजे, नाहीतर राज्य बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजला जायला हवं, त्यांची अकरावी उशिरा सुरू होते. शाळेनं घ्यायचं कबूल केलं तर ते तोंडी नको. मुख्याध्यापकांकडून जायच्या आधी लेखी घ्या. वर्षभरात मुख्याध्यापक बदलतात. आणि काही लोक सुचवतात तसं अकरावी करून मग पाठवू, हे तर मुळीच करू नका. सीबीएसईत बारावीच्या परीक्षेची नोंदणी अकरावीतच होते. मधे खंड पडला की त्या कागदपत्रांच्या पाठी धावता धावता तुम्ही दमून जाल.

जेईईचं म्हणाल तर अ‍ॅडव्हान्स्डच्या संधी बारावीच्या वर्षापासून मोजतात, दहावीच्या नाही. दहावी आणि अकरावीच्या मधे एक वर्ष गेलं तर तिची एकही संधी कमी होत नाही. नीटला किमान वय सतरा लागतं, वरची मर्यादा नाही. म्हणजे जाणारं वर्ष हे वयाचं आहे, परीक्षेचं नाही. ती चुलतभावापेक्षा एक वर्ष उशिरा नोकरीला लागेल, एवढंच. क्लासवाले याहून वेगळं सांगतील, पण त्यांचं दुकान आहे, त्यांनी ते सांगायलाच हवं.

एक करा. दहावीची परीक्षा संपल्यापासून निघेपर्यंत जे चार-पाच महिने हाती आहेत, त्यात बी-१ करून घ्या. ए-२ वर दुकानात पाव मागता येतो, रसायनशास्त्राचा तास कळत नाही.

आता ही गोष्ट चालते कशी ते सांगते, कारण एजंटनं तुमचा गोंधळ केलेला दिसतोय. भारतातून शाळकरी मुलांना असं पाठवणाऱ्यांत एएफएस आणि रोटरी ही जुनी नावं. एएफएसची सुरुवात पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन रुग्णवाहिका-स्वयंसेवकांपासून झाली. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, त्यांनी शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. काल एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या देशांची मुलं एकमेकांच्या घरी जेवली तर बरं, असा तो विचार. तिकडची वायएफयू ही संस्थाही तशीच. १९५१मध्ये जर्मन मुलं अमेरिकन घरांत राहायला नेण्यापासून ती सुरू झाली. म्हणून या सगळ्यात घर ही मुख्य गोष्ट आहे, शाळा दुय्यम. मुलीला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. ते हौसेनं ठेवतात. सरकारी शाळेला फी नसते. संस्था जे शुल्क घेते ते प्रवास, विमा, देखरेख वगैरेसाठी. शिष्यवृत्तीबद्दल विचारायला लाजू नका.

म्हणूनच ‘बर्लिन पक्की’ ही गोष्ट होऊच शकत नाही. मुलीचा अर्ज आणि तिनं लिहिलेलं पत्र वाचून कुटुंब तिला निवडतं, ती कुटुंबाला किंवा गावाला निवडत नाही. आणि ज्यांच्याकडे रिकामी खोली आणि वेळ आहे अशी कुटुंबं बर्लिनच्या फ्लॅटमध्ये कमी, छोट्या गावांत जास्त. तुमच्या मुलीच्या वाट्याला ओल्डेनबुर्गच्या आसपासचं सपाट, गाईंचं गाव येऊ शकतं, किंवा श्वेबिश आल्बच्या डोंगरातलं, जिथून शाळेला जायला सकाळी एकच बस. नाराज होऊ नका. मोठ्या शहरात भारतीय मुलगी इंग्रजीवर वर्ष काढू शकते. गावात तिला पर्याय नसतो, आणि सगळं गाव तिला नावानं ओळखायला लागतं. तिथले लोक पुस्तकातलं जर्मन बोलणार नाहीत, हे मात्र तिला सांगून ठेवा. श्वाबेनमध्ये, म्हणजे त्या आल्बच्या भागात, पहिला महिना मुलांना वाटतं आपण चुकून दुसऱ्याच देशात उतरलो.

शाळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हुशार मुलींची खरी पंचाईत तिथेच होते. तिला बहुतेक गिम्नाझियुममध्ये, म्हणजे आबिटूअरपर्यंत नेणाऱ्या शाळेत, दहावी किंवा अकरावीला बसवतील. गणवेश नाही. आठच्या आधीच तास सुरू. बऱ्याच शाळांत दोन तास जोडून नव्वद मिनिटांचा एकच विषय. श्रेणी १ ते ६, त्यात १ सगळ्यात चांगली, म्हणून घरी फोनवर ‘मला १ मिळाला’ असं म्हणाली तर सासूबाईंना घाबरू देऊ नका. लेखी परीक्षा आपल्यापेक्षा कमी, पण वर्गात तोंड उघडण्याला मोठं वजन. हात वर करून बोललं, मत मांडलं, शिक्षकांशी असहमत होऊन कारण दिलं, हे सगळं मार्कांत धरतात, कित्येक विषयांत लेखीच्या बरोबरीनं. आपल्या मुली उत्तर येत असूनही खाली मान घालून बसतात. विचारलं तर बोलतील, आणि अचूक बोलतील. तिथे विचारण्याची वाट पाहिली तर लेखीत १ आणि बोलण्यात ४. पहिल्या प्रगतिपुस्तकावर रडं येतं ते याच गोष्टीचं. तिला आत्तापासून सांगा की चुकीच्या जर्मनमध्ये, अर्ध्या वाक्यात, पण हात वर कर. विषय इंग्रजीचा असेल तर पहिल्या आठवड्यात ती वर्गात सगळ्यात पुढे असेल. तेवढ्या आधारावर बाकीचं सुरू होतं.

दुपारी शाळा सुटली की शाळेचं काम संपतं. खेळ, गाणं, नाटक हे बहुतेक गावातल्या मंडळात, शाळेत कमी. मंडळात नाव घातल्याशिवाय मैत्रिणी होत नाहीत, हे मी प्रत्येकीला बजावते. वर्गातली मुलं चांगली वागतात, पण त्यांची कंपूबाजी पाचवीपासूनची. व्हॉलीबॉल, गायकवृंद, अग्निशमन दलाची मुलांची शाखा (हो, गावोगावी असते), काहीही चालेल. जायच्या आधी तिला दोन गोष्टी यायला हव्यात, पोहणं आणि रस्त्यावरची सायकल. उन्हाळ्यात सगळी मैत्रीण मंडळी तळ्यावर असतात, काठावर टॉवेल धरून बसलेली एक मुलगी फार एकटी दिसते. म्हणजे यजमानांचं सायकल फिरवण्याबद्दलचं भाकीत शब्दशः खरं ठरेल.

जेवणाचं. शाकाहारी असणं आज जर्मनीत मुळीच नवलाचं नाही, कित्येक घरांत त्यांचीच एखादी मुलगी मांस खात नसते. अडचण वेगळी आहे. त्यांच्याकडे बऱ्याच घरांत संध्याकाळी स्वयंपाकच नसतो. सहा-साडेसहाला टेबलावर प्रत्येकासमोर छोटी लाकडी पाटी, मधे काळसर पावाची लादी, लोणी, चार प्रकारचं चीज, काकडीच्या चकत्या, लाल मुळे, मोहरीची पेस्ट. इतरांसाठी सॉसेजचे काप. जो तो आपापल्या पाटीवर पाव लावून घेतो. चूल पेटत नाही, वाफ येत नाही. आपल्या मुलांना पहिले दोन आठवडे वाटतं, हा नाश्ता आहे, जेवण नंतर येईल. ते येत नाही. पोट भरतं, पण मन भरत नाही, आणि बाहेर गारठा असला की वरणभाताची आठवण फार छळते. यावर उपाय म्हणजे तिला पाच पदार्थ पक्के येऊ द्या. खिचडी, वरण, एक कोरडी भाजी, पोळी, एखादा गोड पदार्थ. जिरं, हळद, मसूर तिकडच्या साध्या दुकानात मिळतात. त्यांच्या भाजीवाल्याकडे कोबी, बटाटा तर आहेतच, नवलकोलही ढीगभर असतो, नाशिकच्या मुलीला त्याची भाजी आली तर घरातल्या आईवर छाप पडेल. आठवड्यातून एकदा तिनं सगळ्यांसाठी रांधावं. रांधून झाल्यावर ओटा पुसावा. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं.

अंड्याचं मात्र अर्जातच स्पष्ट लिहा, आणि लिहिण्यापूर्वी तिनं ठरवावं. केकमधलं अंडं चालणार का? श्पेट्झलं या त्यांच्या शेवयांत अंडं असतंच. जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांची जिलेटिन असते, मसुराच्या सूपमध्ये बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘पूर्ण शाकाहारी’ असं लिहून तिथे गेल्यावर वाढदिवसाचा केक खाल्ला, तर कुणी रागवत नाही, पण त्यांचा गोंधळ होतो. काय चालतं आणि काय नाही हे तिच्या जिभेचं आणि तिच्या मनाचं. तुम्ही घरातली रीत सांगा, शपथ घालू नका. शपथ घातलेली मुलं खोटं बोलायला शिकतात.

बॅगेत तूप, पेढे, श्रीखंड काही देऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, ताजा कढीपत्ताही नको. चिवडा, मेतकूट, चटण्या चालतील.

बॅगेवरून आणखी एक, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगते. तिच्या सामानात स्वस्तिक असलेली कुठलीही वस्तू जाऊ देऊ नका. कुंकवाची डबी, गणपतीचं तोरण, पाटीवरचं स्टिकर, दिवाळीचा छापील कंदील, मेंदीचा कोन गुंडाळलेला कागद, सगळं एकदा उलटंपालटं करून पाहा. आपल्या घरात ते इतक्या ठिकाणी असतं की डोळ्यांना दिसेनासं झालेलं असतं. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानं नाझींची चिन्हं लोकांसमोर दाखवणं गुन्हा आहे. कायद्याचा रोख आपल्या देवघरावर नाही, हे मला माहीत आहे. पण मोबाइलच्या मागे स्वस्तिक चिकटवून बसमध्ये चढलेल्या मुलीकडे पाहणाऱ्या आजोबांना ते माहीत नसतं, आणि ते समजावून सांगायला तिच्याकडे पहिल्या महिन्यात भाषा नसते. वर्ष पुढे सरकल्यावर तिला वाटलं तर वर्गात आपल्या स्वस्तिकावर रीतसर बोलू दे. तिकडे मुलांना एखाद्या विषयावर वर्गासमोर बोलायला लावतातच. तो तास चांगला रंगतो.

याच ओघात, ‘आमचे पीटीचे सर म्हणजे हिटलर’, ‘आपल्याकडे हिटलरसारखी शिस्त हवी’ असली वाक्यं आपल्याकडे सहज बोलली जातात. तुमच्याही घरात कुणीतरी बोलत असेल. तिथल्या इतिहासाच्या तासाला त्याच वयाची मुलं आपल्याच देशानं काय केलं ते वर्षभर शिकत असतात. शाळा त्यांना डाखाऊ नाहीतर बुखेनवाल्डसारख्या छळछावणीच्या स्मारकावर नेतात. तिथून परतताना बसमध्ये कुणी बोलत नाही. अशा वर्गात गमतीनं उजवा हात वर केला तर ती शिस्तभंगाची नाही, पोलिसांची बाब होऊ शकते. हे तिला तुम्ही सांगा, आणि जमलं तर आजोबा-काकांसमोर सांगा.

आता सासूबाई. त्यांच्या प्रश्नाला हसू नका, यजमानांच्या प्रश्नापेक्षा तो मोलाचा आहे. परक्याच्या घरी मुलगी ठेवायची कशी? संस्था कुटुंबाच्या घरी जाऊन पाहणी करतात, मुलीला घराबाहेरची एक स्वतंत्र संपर्क-व्यक्ती देतात. रोटरीत तर सहसा वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांत राहायचं असतं, आणि बऱ्याचदा बदल्यात तिकडचं एखादं मूल आपल्याकडे येतं. सासूबाईंना हे जरूर सांगा. कुणा जर्मन आजीची नात तुमच्या घरी नाशिकला राहायला येऊ शकते, आणि त्या आजीलाही अगदी हाच प्रश्न पडलेला असेल.

पण व्यवस्था चांगली आहे एवढ्यावर थांबू नका, मुलीशी उघड बोला. तिकडे कायद्यानं सोळाव्या वर्षी बिअर आणि वाईन घेता येते, कडक दारू अठरानंतर. म्हणजे तिच्या वर्गातल्या वाढदिवसाला बिअर असणार आणि त्यात कुणाला काही वाटणार नाही. घरातल्या मोठ्या मुलीचा मित्र रात्री मुक्कामाला आला तर आईबाप सकाळी त्याच्यासाठीही पाव आणतील. रोटरीचे नियम दारू, गाडी चालवणं, प्रेमप्रकरण आणि अमली पदार्थ यांना सरळ मनाई करतात, आणि नियम मोडला तर मुलांना परत पाठवतात. पण नियमाच्या भीतीपेक्षा ‘मला नको’ हे दोन शब्द जर्मनमध्ये ठामपणे म्हणता येणं जास्त कामाचं. तिथे ते म्हटलेलं लोक मान्य करतात. पुन्हा पुन्हा आग्रह करणं त्यांच्या रीतीत नाही, ना पेल्याचा ना पोळीचा. याची दुसरी बाजूही सांगून ठेवा. ‘आणखी हवंय का’ असं एकदाच विचारतात. संकोचून नको म्हणाली तर ताट उचललं जाईल.

घर पटलं नाही तर बदलता येतं. यात तिची हार नाही आणि त्या कुटुंबाचा अपमान नाही, असे बदल होत असतात आणि संस्थांना त्यांची सवय आहे. घरातलं कुणी अंगचटीला आलं, खोलीचं दार न वाजवता आत येऊ लागलं, काहीही खटकलं, तर आधी संपर्क-व्यक्तीला फोन, मग आईला. याच क्रमानं, कारण तुम्ही सहा हजार किलोमीटरवर आहात आणि ती व्यक्ती वीस मिनिटांवर. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, आणि मुलांना मनातलं बोलायला ११६१११ हा मोफत नंबर, तिकडे नाव न सांगता बोलता येतं. हे तीन नंबर फोनमध्ये नाही, पाठ हवेत.

आणि आता नोव्हेंबर. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळं नवं असतं, फोटो येतात, तुम्ही ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकता. मग घड्याळं एक तास मागे जातात, चार-साडेचारला अंधार पडायला लागतो, सकाळी शाळेला निघतानाही उजाडलेलं नसतं. नव्याची नवलाई संपलेली असते, भाषा अजून हातात आलेली नसते, आणि इकडे दिवाळी. तुम्ही सगळे नवीन कपड्यांत एका फोनभोवती गोळा होऊन तिला व्हिडिओ कॉल लावता, मागे फटाके, कुणीतरी करंजी कॅमेऱ्यासमोर धरतं. फोन ठेवल्यावर ती एका शांत घरात, बंद दाराच्या खोलीत एकटी असते. त्या रात्री जवळजवळ प्रत्येक मूल म्हणतं, मला परत यायचंय. स्वतःच्या इच्छेनं गेलेलं मूल डिसेंबर उजाडेपर्यंत कसंबसं टिकतं. मग नाताळच्या आधीच्या, आगमनाच्या चार रविवारांच्या मेणबत्त्या लागतात, बिस्किटं भाजायला घरातले तिला हाक मारतात, ६ डिसेंबरला दाराबाहेर ठेवलेल्या बुटांत कुणीतरी खाऊ ठेवतं, आणि जानेवारीत कधीतरी तिच्या लक्षात येतं की जेवताना सगळं बोलणं कळलं. घरच्यांसाठी गेलेलं मूल मात्र नोव्हेंबरातच म्हणतं, तुम्हीच पाठवलंत. त्याच्याजवळ टिकून राहायला स्वतःचं कारण नसतं.

म्हणून तुम्हाला एकच पथ्य सांगते आणि ते तुम्हाला जड जाणार. रोज फोन करायचा नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि तिनं करायचा. ‘जेवलीस का’ असं दिवसातून तीनदा विचारणारा मेसेज प्रेमाचाच असतो, पण त्यानं ती नाशिकमध्येच राहते, फक्त अंग जर्मनीत. दिवाळीचा कॉल छोटा ठेवा. त्यापेक्षा तिला सांगा, तिथल्या घरात चार पणत्या लाव, करंज्या जमत नसतील तर शंकरपाळी तळ आणि त्यांना खायला घाल. मधे भेटायला जायचा बेत तर अजिबात करू नका, संस्थाही नको म्हणतात. वर्षाअखेरीस आणायला जा, तेव्हा दुभाषी म्हणून तीच तुम्हाला फिरवेल.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, संस्था यादी देते. तीन महिन्यांहून जास्त मुक्कामाला राष्ट्रीय व्हिसा लागतो, मुलगी अल्पवयीन असल्यानं आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे यजमानांना पटवल्याशिवाय तुमचं काही चालणार नाही, हे चांगलंच आहे. वर जेईईचं जे लिहिलंय ते त्यांना वाचायला द्या, आणि वर्ष जातं हे तुम्ही आधीच कबूल करा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

अर्जात तिला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला उद्देशून एक पत्र लिहायचं असतं. ते तिनंच लिहावं. क्लासच्या बाईंनी नाही, तुम्ही नाही, आणि मोबाइलमधल्या कुठल्या यंत्रानंही नाही. त्यात ती धाकट्या भावाशी भांडते, तिला गणित आवडत नाही, ती सकाळी लवकर उठत नाही असं काही आलं तर खोडू नका. तिकडची माणसं शेकडो पत्रांतून असलंच एखादं उचलतात. लिहून झाल्यावर, तिची हरकत नसेल तर, एकदा वाचा. का जायचंय याचं तिचं उत्तर त्यात सापडेल, किंवा सापडणार नाही. नाही सापडलं तर या वर्षी अर्ज करू नका. बारावीनंतरही जाण्याच्या वाटा आहेत, रोटरीची वयाची अट एकोणीसपर्यंत आहे, आणि तिकडच्या घरात मुलं सांभाळत राहण्याचे किंवा समाजसेवेच्या वर्षाचे कार्यक्रम अठरानंतर खुले होतात.

एजंटला एक रुपयाही दिला नसेल तर आजच नाही म्हणून कळवा. दिला असेल तर पावती आणि तो ज्या शाळेचं नाव घेतो त्या शाळेचं लेखी संमतिपत्र मागा. शाळेचं नाव मिळालं की त्या शाळेच्या कार्यालयाला सरळ ईमेल करा, जर्मनमध्ये. मुलीलाच लिहू दे, तेवढं ए-२ला येतं.